कळव्याच्या गॅरेजवाल्या काकांना, बाबांची गाडी दुरुस्त करून परत दिल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार ऐकूनच घेत नाही. "झालं ना काम? मग ठेवा," म्हणता. म्हणून हे पत्र लिहिलं, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिलं.

आमची 1984 ची पांढरी मर्सिडीज 230 ई बाबांनी 1993 साली जुनीच घेतली. अपघातानंतर त्यांचा डावा पाय क्लच दाबण्याइतका कधी सुधारलाच नाही, आणि तेव्हा रस्त्यावर दिसायच्या त्या पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, मारुती 800, सगळ्या क्लचवाल्या. ही ऑटोमॅटिक मिळाली आणि बाबा पुन्हा स्वतः गाडी चालवायला लागले. मला शाळेत सोडणं, आईला नाशिकला माहेरी नेणं, सगळं हिच्यावरच झालं. त्यामुळे यंदा पार्किंगच्या फरशीवर कुंकू सांडल्यासारखे लाल थेंब दिसायला लागले, तेव्हा बाबांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

थेंब पडायचे पुढे, गीअरबॉक्स इंजिनला जोडलेला असतो तिथे. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे एकच उत्तर: पुढचं ऑइल सील गेलंय, गीअरबॉक्स उतरवावा लागेल, सत्तर हजार धरून चाला. एकाने चेंबरच्या, म्हणजे गीअरबॉक्सखालच्या तेलाच्या ताटलीच्या, कडेने सिलिकॉन फासून बोल्ट जीव खाऊन आवळले. दुसऱ्याने गळती थांबवायच्या औषधाची बाटली पुढे केली. त्या रात्री बाबा म्हणाले, "विकून टाकू या आता."

तुम्ही गाडीखाली वाकायच्या आधी मला विचारलंत, "ताई, चालवून आणल्यावर जास्त गळते, की रात्रभर उभी राहिल्यावर?" रात्रभर, मी म्हटलं. "आणि उभी कशी असते?" उपवनजवळच्या आमच्या सोसायटीत उतारावर, नाक खाली करून. तुम्ही मान हलवलीत आणि स्टूल ओढून मला समजावायला बसलात. पुढचं सील गेलं असतं तर इंजिन चालू असताना जास्त गळलं असतं, कारण तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिनचा जोर गीअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागातलं, तेल दाबाखाली असतं. गाडी बंद झाली की तेच तेल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं, पातळी वर चढते, आणि एरवी कोरडी राहणारी एखादी सैल जागा रात्री तेलात बुडते. तिथून निघालेलं तेल उताराने पुढे येऊन ठिबकतं. दोन गॅरेजं पालथी घातली, पण हे दोन प्रश्न मला कुणी विचारले नव्हते.

मग तुमच्या पोऱ्याने गीअरबॉक्स रॉकेलने धुतला, हवा मारून कोरडा केला, आणि तुम्ही कॅरमची पावडर मागवलीत! सगळा गीअरबॉक्स पांढरा करून, गाडी आमच्याकडे असते तशीच नाक खाली करून रात्रभर ठेवलीत. सकाळी टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणालात, "बघा तुम्हीच." किकडाऊनच्या सोलेनॉइडपासून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर गीअर खाली आणणाऱ्या विजेच्या झडपेपासून, निघालेली दोऱ्याएवढी लाल रेघ पावडरीतून खाली उतरली होती, चेंबरच्या कडेला लागून पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. पुढचं सील कोरडं ठणठणीत. सोलेनॉइडची जुनी ओ-रिंग तुम्ही बोटांत वाकवलीत तर बांगडीसारखी कट्कन मोडली. उष्णतेने रबराचा जीव गेला होता. नवी रिंग चाळीस रुपयांची.

चाळीस रुपये घेऊन तुम्ही मोकळे झाला असतात तरी आम्ही दुवा दिला असता. पण ते सिलिकॉन तुम्हाला सहन होईना. आतल्या बाजूला निघालेला त्याचा तुकडा सुटून फिल्टरमध्ये अडकला तर काय, म्हणून चेंबर उतरवलात. ताकदीने आवळल्यामुळे त्याची कड बोल्टांपाशी वाकली होती, ती लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हाताने सरळ केलीत. नवं पॅकिंग, नवा फिल्टर, आणि बोल्ट टॉर्क रेंचने फक्त 8 न्यूटन-मीटरला. "मनगटाचं काम आहे हे, खांदा कशाला लावायचा?" हे तुम्ही पोऱ्याला सांगत होतात, पण मीही वहीत लिहून घेतलं.

गीअरबॉक्सचं तेल बघायची रीत बाबांनाही नव्याने कळली. इतकी वर्षं ते थंड गाडीत गेज बघून वरच्या खुणेपर्यंत भरत होते. तेल तापून फुगलं की तेच जास्त व्हायचं. आता घोडबंदर रोडला चक्कर मारून आल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, गीअरचा लिव्हर पी (पार्क) वर असताना बघतात. पांढऱ्या कागदावर एक थेंब टिपून रंग बघतात आणि वासही घेतात, तुम्ही दाखवलंत तसा.

बिल देताना मी जास्तीचे पैसे पुढे केले ते तुम्ही परत माझ्या पर्समध्ये कोंबलेत. बाबांच्या पायाकडे तुमची नजर गेलेली मी पाहिली होती, काका. दारापर्यंत येऊन तुम्ही त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलंत, तेही पाहिलं.

दसऱ्याला बाबांनी गाडीला झेंडूचा हार घातला आणि आईला घेऊन तलावपाळीपर्यंत चक्कर मारून आले. परत येताना खिडकीची काच खाली होती आणि हात बाहेर, पूर्वीसारखा. तुमच्या सांगण्यावरून गाडीखाली पुठ्ठा टाकलाय, कोपऱ्यात तारीख घालून. आज बेचाळिसावा दिवस. पुठ्ठा कोरडा आहे.

तुमची,
उपवनच्या पांढऱ्या गाडीवाल्यांची मुलगी