आयर्विनचा आकडा पूर्ण दिसू लागला: मिरजेच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाच्या टीव्हीवर पुराचा आकडा नीट दिसेल असं तुम्ही करून दिलंत. त्याबद्दल तोंडी आभार मानले तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही पिशवी उचललीत आणि निघालात. पैशांचा तर विषयच काढू दिला नाहीत. चहा आणि भडंग, एवढंच काय ते घेतलंत. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

पावसाळ्यात सांगलीत एकमेकांना भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ते आम्ही गावभागातल्यांनी माडीवरून पाहिलंय. सामान कधी वर न्यायचं, जनावरं कधी सोडायची, आजीला पाहुण्यांकडे कधी हलवायचं, सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. मोबाईल न वापरणाऱ्यांनाही तो दिसावा म्हणून मंडळाच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड करून टीव्ही लावला आणि मागे रास्पबेरी पाय ३ हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर जोडला. पडद्यावर पुलाची पातळी, कोयना धरणाचा विसर्ग आणि सगळ्यांत खाली आकडा किती वाजताचा आहे ती वेळ. आकडे भरायचं काम कॉलेजच्या मुली करतात.

पण पडद्याच्या चारही कडा कापल्या जात होत्या. डावीकडचा पहिला अंक अर्धा दिसायचा आणि खालची वेळेची ओळ दिसतच नव्हती. वेळ नसलेला आकडा पुरात काय कामाचा? सकाळचा की आत्ताचा, यात दहा तासांचा फरक पडू शकतो. शिवाय अक्षरं पुसट. एका दुकानात विचारलं तर "टीव्ही जुना झाला, नवा घ्या" असं उत्तर मिळालं.

तुम्ही आलात आणि आधी बोर्डाला हातच लावला नाहीत. टीव्हीच्या मेनूत चित्र जसंच्या तसं दाखवायची सोय आहे का, ते पाहिलंत. ती नव्हती. मग मुलींना बसवून घेऊन पिक्चर ट्यूबच्या टीव्हीपासून सुरुवात केलीत. ट्यूबच्या कडेला चित्र नीट येत नसे, म्हणून ते मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवत. ट्यूब गेली, सपाट पडदे आले, तरी पुष्कळ टीव्ही अजून तेच करतात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. उभं आयुष्य टीव्ही उघडण्यात गेलेल्या माणसाकडूनच हे इतकं सोपं ऐकायला मिळतं.

पुसटपणाचं कारणही तिथेच कळलं. बोर्ड १९२० बाय १०८० पिक्सेलचं (ठिपक्यांचं) चित्र पाठवत होता आणि आमच्या टीव्हीचा पडदा १३६६ बाय ७६८ चा. एवढं चित्र एवढ्याशा जागेत बसवताना बारीक अक्षरांची वाट लागणारच. टीव्हीला कोणकोणते मोड, म्हणजे चित्राची मापं, चालतात, त्याची यादी तुम्ही बोर्डाकडूनच काढून दाखवलीत. मग बोर्डाच्या सेटिंग्ज असलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआय ग्रुप १ आणि मोड ४ लिहिलंत, म्हणजे १२८० बाय ७२०. ग्रुप १ टीव्हीचा, ग्रुप २ कॉम्प्युटरच्या मॉनिटरचा. मोडचा आकडा तोच ठेवून ग्रुप चुकला तर भलतंच रेझोल्यूशन लागतं. हे मुलींनी वहीत उतरवून घेतलंय.

त्यानंतरचं काम तर मला फारच आवडलं. तुम्ही एक चित्र तयार केलंत: कडेपासून आत दर दहा पिक्सेलला एक रेघ, प्रत्येक रेघेचा रंग वेगळा, शेजारी आकडा. ते टीव्हीवर लावलंत आणि मुलींना म्हणालात, "बाहेरून पहिली कुठली रेघ दिसते, वाचा." डावीकडे ३०, उजवीकडे २०, खाली ३०. त्या त्या कडेला तेवढी काळी पट्टी सोडायची म्हणून तेच आकडे कॉन्फिग फाइलमधल्या ओव्हरस्कॅनच्या ओळींमध्ये भरले, बोर्ड पुन्हा चालू केला आणि वेळेची ओळ अख्खी दिसली! जो तो ओव्हरस्कॅन बंद करायला सांगतो, पण तो उपाय बोर्डच चौफेर काळी पट्टी सोडत असेल तेव्हाचा. कडा कापल्या जात असतील तर उलट पट्टी ठेवावी लागते. आणि आधी मोड ठरवायचा, मगच रेघा मोजायच्या, हा क्रमही तुम्ही दोनदा बजावलात.

जाता जाता लाइट गेल्यावर काय होतं तेही विचारलंत. लाइट आली की बोर्ड आपोआप सुरू होतो, टीव्ही मात्र रिमोट दाबेपर्यंत झोपलेला. टीव्ही सापडला नाही की बोर्ड चित्रच पाठवत नाही आणि मागाहून टीव्ही लावला तर "नो सिग्नल". टीव्ही सापडला नाही तरी चित्र पाठवत राहा, असं बोर्डाला सांगणारी हॉटप्लगची एक ओळ लिहून तुम्ही तेही मिटवलंत. पुराच्या दिवसांत आमच्याकडे लाइट किती वेळा जाते, हे तुम्हाला सांगायला नको.

काका, तुम्ही नुसतं दुरुस्त करून गेला असतात तरी आम्ही ऋणीच राहिलो असतो. पण तुम्ही प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगितलंत, मेमरी कार्ड लॅपटॉपला लावून तीच फाइल कशी उघडायची ते मुलींच्या हातून करून घेतलंत आणि सगळं मराठीत लिहिलेला कागद टीव्हीच्या पाठीला चिकटवलात. त्याच कागदावर खाली हेही आहे की बोर्डावर नवी सिस्टीम असेल तर मोडच्या या ओळी चालत नाहीत. तिथे सीएमडीलाइन फाइलमधल्या एकाच ओळीत, ती न तोडता, व्हिडिओचं माप लिहायचं, आणि पाय ४ च्या दोन एचडीएमआय जोडण्यांपैकी पॉवरच्या जवळची पहिली.

परवा पलीकडच्या गल्लीतल्या मंडळानेही असाच टीव्ही लावला. आमच्या दोघी मुली तिथे गेल्या, रेघांचं चित्र लावलं, आकडे वाचले आणि तासाभरात परत आल्या. मला बोलावलंसुद्धा नाही. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि रेघांच्या चित्राची फाइल आणखी दोन मंडळांना दिली तर चालेल का, असं विचारलं आहे. तुमचा होकार कळवा.

आपली नम्र,
गावभाग, सांगली येथील एक कार्यकर्ती