माळढोक न दाखवणाऱ्या मामांना

मामा, रामराम.

श्रावणात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एक जण भलीमोठी लेन्स गळ्यात अडकवून आला होता आणि तुमच्याशी हुज्जत घालत बसला होता, आठवतंय? तो मी. आभार मानायचे तेव्हा राहून गेले. खरं सांगायचं तर मानायचेच नव्हते; परतताना गाडीत तुम्हाला यथेच्छ नावं ठेवली.

दुर्बिणीतून गवताच्या वर एक करडी मान दिसली होती, तिच्यावर काळी टोपी. क्षणभरच. माळढोकाची मादी! मला पन्नास पावलं आत जायचं होतं, तेवढंच. तुम्ही आडवे उभे राहिलात. परवानगीचा कागद दाखवला तर म्हणालात, "कागद बघायचा हाय, माळ तुडवायचा न्हाय." मग विचारलंत, "अंडी किती घालती, ठावं हाय का?"

"एक," मी म्हणालो. पुस्तकात वाचलेलं होतं.

"मग?"

त्या "मग?"वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकच अंडं, तेही घरट्याशिवाय, उघड्या जमिनीवर. आई उठली की कावळा आहे, घोरपड आहे, गावातलं मोकाट कुत्रं आहे. जगभरात जेमतेम दीडशे पक्षी उरलेत असं म्हणतात, आणि मी एका फोटोसाठी त्यातल्या एकीला अंड्यावरून उठवायला निघालो होतो. तिथे अंडं होतं की नाही, कुणास ठाऊक. तुम्हालाही माहीत नसावं. पण तुम्ही ते आहे असंच धरून चालला होतात.

मग माझा पडलेला चेहरा बघून तुम्ही मला कुंपणाच्या कडेकडेने लांब नेलंत आणि बसवलंत. दोन तास. गवतांतला पवन्या कुठला, मारवेल कुठला, कुसळी पायजम्यात कशी घुसते (ती मी घरी गेल्यावरही काढत होतो). नाकतोडे कुठल्या गवतात जास्त. काळवीट गेले, दूरवर एक खोकड दिसलं, धाविक पक्ष्यांची जोडी आमच्या पुढ्यातच पळापळ करत होती. मी मात्र ती मान दिसली त्या चढाकडेच बघत होतो, हे तुमच्या लक्षात आलं असणार.

गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा दाखवून तुम्ही म्हणालात की माळ मोकळा दिसला की लोकांना तिथं झाडं लावावीशी वाटतात. माळढोकाला लांबवरचं दिसलं पाहिजे, झाडी वाढली की तो ती जागा सोडतो. पडीक समजून आपण गवताळ माळ किती घालवले, याचा हिशेब त्या रांगांपाशी बसून पहिल्यांदा मनात आला. पलीकडच्या विजेच्या तारांकडे तुम्ही नुसतं बोट केलंत. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, डोळे बाजूला असल्याने समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं वजन चटकन वळवता येत नाही.

एक गोष्ट मी तेव्हा नीट ऐकली नव्हती. १९७९ साली माळढोकासाठी इथलं अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण खरं राखलेलं गवत आहे ते ज्वारीच्या शेतांमधल्या मोजक्या तुकड्यांत. त्यातल्या एका तुकड्याच्या कडेला तुम्ही उभे असता. तुमच्या मेव्हण्याची जमीन त्या बंधनांत अडकली होती आणि तो तुमच्याशी वर्षभर बोलला नव्हता, हे तुम्ही हसत सांगितलंत. मी तेव्हा घड्याळ बघत होतो. त्याबद्दल माफी.

त्या दिवशीचा माझ्याकडे एकही धड फोटो नाही. एका चित्रात गवत आहे आणि त्यात एक ठिपका; मित्र म्हणतात तो दगड आहे.

माझी जुनी दुर्बीण तुमच्यासाठी पाठवतोय. तुमची एका डोळ्याने बघायची झाली होती, ते मी पाहिलं होतं. हिची डावी काच जरा खरवडलेली आहे आणि फोकसचं चाक घट्ट फिरतं, थंडीत जास्तच. थोडं तेल सोडा.