जप्त केलेल्या गाड्यांचे पुढे काय होते?

संपादक महोदय,

रात्रीच्या बेकायदा शर्यतींवर छापा घालून पोलिसांनी गाड्या जप्त केल्याचे वृत्त अधूनमधून वाचनात येते. सोबत पोलीस ठाण्याच्या आवारात रांगेने उभ्या केलेल्या गाड्यांचे छायाचित्रही असते. मात्र महिनाभराने त्या गाड्या कुठे आहेत, याची बातमी काही येत नाही.

जप्तीला माझा पाठिंबा आहे. दंड कितीही वाढवला तरी घरातले कोणीतरी तो भरून टाकते. गाडीच ताब्यात घेतली, तर निदान पुढचा शनिवार टळतो. शिवाय गाडी पुष्कळदा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते. ती सोडवायला मालकाला स्वतः ठाण्याची पायरी चढावी लागते आणि ‘मित्राकडे अभ्यासाला’ गेलेले चिरंजीव कुठे होते, हे त्याला तिथे कळते. ‘पोरांची हौस’ म्हणून याकडे काणाडोळा करणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि रस्ता ओलांडणाऱ्याला तेवढा अवधी पुरत नाही.

कॅनडातील ओंटारियो प्रांताने २००७ मध्ये शर्यतीत सापडलेली गाडी जागेवरच सात दिवसांसाठी अडकवून ठेवण्याची तरतूद केली आणि २०२१ मध्ये ही मुदत १४ दिवसांवर नेली. न्यूझीलंडने २००९ मध्ये वारंवार गुन्हा करणाऱ्यांच्या गाड्या यंत्राखाली चेपून टाकण्याचा कायदा केला. त्याचा गाजावाजा मोठा झाला, पण पहिली गाडी प्रत्यक्षात चेपली गेली ती २०१२ मध्ये. मला ओंटारियोचा मार्ग अधिक पटतो, कारण तिथे शिक्षा लहान असली तरी ती त्याच रात्री सुरू होते.

गाडी परत देताना नुसत्या हमीपत्रावर भागवू नये. दुमडलेली नंबर प्लेट सरळ झाली का, सायलेन्सरमधली काढून टाकलेली जाळी मालकाने स्वखर्चाने पुन्हा बसवली का, हे पाहूनच ताबा द्यावा. ज्याची गाडी त्याच्या नकळत नेली गेली, त्याचे म्हणणे मात्र दोन-चार दिवसांत ऐकून घेतले पाहिजे. महिनोन्‌महिने आवारात गंजत पडलेल्या गाडीची बॅटरी जागेवर राहत नाही, हे सर्वश्रुत आहे.

किती गाड्या जप्त झाल्या, किती सोडल्या आणि त्यांतल्या किती दुसऱ्यांदा सापडल्या, हे तीन आकडे पोलिसांनी दर महिन्याला जाहीर करावेत आणि आपण ते छायाचित्राइतक्याच ठळकपणे छापावेत, ही विनंती.

– एक नियमित वाचक