कूपातल्या मुकादमाला शिकवणार कोण?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की विदर्भातल्या जंगलांत कूपकामाला, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यांतल्या कामाला, जोर चढतो. वनविभाग, वनविकास महामंडळ, जंगल कामगार सहकारी संस्था आणि अलीकडच्या काळात सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आपापल्या पद्धतीने झाडतोड, विरळणी (दाट झाडीतली काही झाडे काढणे) किंवा बांबूतोड करून घेतात. पद्धत कोणतीही असो, दहा-बारा मजुरांच्या टोळीवर एक मुकादम असतोच. झाड कुठल्या बाजूला पाडायचे, लाट (पाडलेल्या खोडाचा ओंडका) कुठे कापायची, कोणाला कुठे उभे करायचे, हे जागेवर तोच ठरवतो. वनरक्षकांसाठी चिखलदरा, पाल, जालना, शहापूर इथे शाळा आहेत. अधिकाऱ्यांसाठी चंद्रपूर आणि कुंडलला अकादमी आहेत. मुकादमाची अशी शाळा नाही. फार तर एखादे दिवसभराचे शिबिर होते, त्यात भाषणे होतात, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. मुकादम होण्याची पात्रता म्हणजे मजूर गोळा करता येणे, किंवा वडील मुकादम असणे. या माणसाला काय आणि कसे शिकवावे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

पहिली अडचण वेळेची. पावसाळ्यात सगळे मोकळे असतात म्हणून वर्ग तेव्हा ठेवण्याचा मोह होतो. पण तेव्हा कूप बंद असतो आणि झाड पाडण्याचे शिक्षण सभागृहात होत नाही. गोलाई (खोडाचा घेर) मोजणे, घनफळ काढणे, हजेरीपट, प्रथमोपचार हे पावसाळ्यात आठवडाभरात उरकता येईल. उरलेले चार-पाच आठवडे नोव्हेंबरनंतर चालू कूपातच जायला हवेत, जाणत्या मुकादमाच्या हाताखाली. एका जाणत्यामागे चार शिकाऊ पुरेत. त्याहून जास्त झाले की मागच्यांना काही दिसत नाही, शिवाय पडणाऱ्या झाडाजवळ गर्दी होते ती वेगळीच.

कूपात पहिले दोन दिवस कुऱ्हाडीला हात लावू देऊ नये. मार्किंगची, म्हणजे तोडायला खुणा केलेल्या झाडांची, यादी घेऊन कूप पायी फिरावा. सीमा पाहावी, छातीउंचीला म्हणजे १.३७ मीटरवर लिहिलेला क्रमांक आणि बुंध्याशी मारलेला घण (हातोड्याने उठवलेला ठसा) यादीशी ताडून पाहावा. घण बुंध्याशी मारतात तो झाड गेल्यावरही थुटावर (जमिनीत उरलेल्या बुडख्यावर) राहावा म्हणून. तोडीचा काप त्या घणाच्या वर गेला पाहिजे. थुटावर घण दिसला नाही की झाड बेकायदा ठरते आणि पुढच्या चौकशीत सगळ्यात आधी मुकादमाचे नाव येते. याच फेरीत वेलीही पाहायच्या. पळसवेल आणि माहुल शेजारशेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून टाकतात. असे झाड कापले की ते आपल्याला हवे तिकडे जात नाही, जाताना दुसऱ्याची फांदी मोडून खाली आणते. वेली तोडीच्या किती तरी महिने आधी कापल्या तर वाळून त्यांचा जोर जातो. आदल्या दिवशी कापलेली वेल हिरवीच असते, ती ओढायची तशीच ओढते.

मग अंतराचा धडा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९८ मध्ये वनकामाच्या सुरक्षिततेची संहिता काढली. तोडणारे सोडून बाकी सर्वांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर राहावे, असे त्यात आहे. ऐकायला सोपे वाटते, गणित करून पाहा. झाड वीस मीटर उंच असेल तर अंतर चाळीस मीटर. चाळीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे ५,००० चौरस मीटर, म्हणजे अर्धा हेक्टर. एका झाडाला अर्धा हेक्टर मोकळा लागतो! बारा माणसांच्या टोळीत एका हेक्टरवर एकाच वेळी दोनपेक्षा जास्त जोड्या तोडीला लावताच येत नाहीत. बाकीच्यांना आधी पडलेल्या झाडांच्या फांद्या छाटायला, लाटा कापायला, जळाऊ लाकडाचे बीट (चट्टे) रचायला दूर पाठवावे लागते. टोळीची ही वाटणी सकाळी काम सुरू होण्याआधी करणे हेच मुकादमाचे खरे काम आहे. सगळे एकाच ठिकाणी जमून गप्पा मारत काम करतात, ते दिसायला बरे दिसते आणि अपघातही तिथेच होतात.

आता प्रत्यक्ष तोड. चाळीस सेंटिमीटर व्यासाचे झाड घेऊ, म्हणजे गोलाई सव्वा मीटर. पाडायच्या बाजूला आधी खाच घ्यायची, व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी खोल, इथे आठ ते दहा सेंटिमीटर. मग मागून कापत यायचे, खाचेच्या तळापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर. दोन्ही कापांच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, इथे चार सेंटिमीटर रुंद, न कापलेली पट्टी शिल्लक ठेवायची. झाड या पट्टीवर दाराच्या बिजागरीसारखे फिरते आणि ठरलेल्या दिशेला जाते. पट्टी पूर्ण कापली की झाडावर कोणाचाच ताबा उरत नाही. पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहिली तर झाड जाड बाजूकडे ओढले जाते. सागात एक जादा भानगड आहे. सागाचा बुंधा तळाशी गोल नसतो, त्याला उभ्या पन्हळी असतात. बाहेरून पट्टी भरपूर रुंद वाटते आणि पन्हळीच्या जागी आत लाकूडच नसते. म्हणून कापण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा चहूबाजूंनी ठोकायचा. बद्द आवाज आला तर गाभा पोकळ किंवा वाळवीने खाल्लेला समजायचा आणि पट्टी जास्त राखायची.

पुढे झुकलेल्या झाडाला खाच उथळ घेतली आणि मागून जोरात कापत गेले, तर काप अर्धा होण्याआधीच खोड उभे फाटते आणि फाटलेला भाग मागे, कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीला उसळतो. कापणाऱ्याने पळायची वाट आधीच साफ करून ठेवायची, ती पडण्याच्या दिशेच्या मागे तिरपी, ४५ अंशात. अगदी सरळ मागे पळू नये, बुंधा थुटावरून मागे सरकतो तो तिकडेच. झाड हलू लागले की पाचर सोडायची, आरा सोडायचा, आणि वर पाहत निघायचे. दोन-चारशेचा आरा वाचवायला थांबणारा माणूस नेहमी सापडतो.

चेनसॉ आली म्हणून यातले काही बदलत नाही, उलट मुकादमाच्या डोक्यावर चार गोष्टी वाढतात. साखळीचा ब्रेक रोज सकाळी तपासायचा. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नाही, कारण यंत्र तिथूनच कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. पाचर लोखंडी वापरायची नाही. पेट्रोलमधले तेल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच घालायचे. बऱ्याच यंत्रांना लिटरमागे वीस मिलिलिटर लागते, आणि अंदाजाने ओतणाऱ्यांमुळे इंजिन जाम होते. बोथट साखळीतून भुसा पिठासारखा बारीक निघतो. तसा भुसा दिसला की काम थांबवून कानस काढायची.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा धडा अडकलेल्या झाडाचा. कापलेले झाड शेजारच्या फांद्यांत टेकून राहिले की टोळीला तीन कल्पना सुचतात: ज्याने अडवले ते झाड कापू, वर चढून फांदी तोडू, किंवा दुसरे झाड त्यावर पाडू. तिन्ही जिवावर बेतणाऱ्या. अडकलेल्या झाडाखालून कोणालाही जाऊ द्यायचे नाही, जागेला दोर किंवा फडके बांधायचे, आणि बुंधा लांबून दोराने किंवा ट्रॅक्टरच्या साखळीने मागे ओढायचा. साधन जवळ नसेल तर ते येईपर्यंत तिथे काम बंद. दिवसाचा माल बुडतो, मजूर कुरकुरतात, आणि अशा वेळी मुकादमाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. हे पुस्तकाने येत नाही, म्हणूनच शिकाऊला खऱ्या अडकलेल्या झाडापुढे उभे करायला हवे.

थुटाची उंची १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा, असे प्रत्येक जण सांगतो, का ते कोणी सांगत नाही. सागाचा फुटवा जमिनीलगत आला तर तो स्वतःची मुळे धरतो. उंच थुटावरचा फुटवा वाऱ्याने उन्मळतो. शिवाय बुंध्याचे लाकूड सगळ्यात मोलाचे. माणसाला वाकून कापणे जड जाते म्हणून काप गुडघ्याच्या उंचीला जातो. बुंध्याची गोलाई १३० सेंटिमीटर धरली आणि काप ३० सेंटिमीटर वर गेला, तर पाव-गोलाईच्या सूत्राने (ते पुढे दिले आहे) ०.०३२ घनमीटर लाकूड जंगलात राहते. शंभर झाडांत तीन घनमीटरांहून जास्त सागवान झाले.

हेच सूत्र मुकादमाला तोंडपाठ हवे. लाटेची मधली गोलाई भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. गोलाई ९० सेंटिमीटर, लांबी ३ मीटर असेल तर ०.२२५ चा वर्ग गुणिले ३, म्हणजे ०.१५२ घनमीटर. प्रत्यक्षात त्या लाटेत ०.१९३ घनमीटर लाकूड असते. सूत्र सुमारे २१ टक्के कमी दाखवते, ती कापणीतली घट धरलेली आहे आणि त्यात कोणाची लबाडी नाही. हे मजुरांना समजावून सांगितले नाही तर मोजणीच्या दिवशी भांडण ठरलेले. टेप तिरपा धरून ९० ऐवजी ९३ वाचले तर घनफळ जवळपास सात टक्के फुगते. मधोमध गाठ आली तर टेप तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर लावून सरासरी घ्यायची. जळाऊच्या बिटात वाकडे फाटे आडवेतिडवे घातले तर उंची भरते, लाकूड भरत नाही. बीट रचणाऱ्या बायकांना हे बहुधा मुकादमापेक्षा जास्त कळते. त्यांच्यातून मुकादम का निवडू नयेत, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

विरळणीत डोळा वेगळा लागतो. २ बाय २ मीटरच्या रोपवनात हेक्टरी २,५०० झाडे असतात. पहिल्या विरळणीत एकाआड एक तिरपी ओळ काढली की १,२५० उरतात. हे यांत्रिक काम आहे. पुढच्या विरळणीत मात्र वाकडे, दुभंगलेले, दबलेले झाड काढून सरळ झाड राखायचे असते, आणि टोळीची नजर नेमकी सरळ बल्लीवर (बारीक खांबावर) असते, कारण ती विकायला चांगली. काढलेले झाड पडताना राखलेल्याची साल सोलून गेले तर त्या जखमेतून कीड शिरते. विरळणीचा दर्जा डेपोतल्या मालावरून कळत नाही, मागे उभे राहिलेल्या झाडांवरून कळतो. तेव्हा तपासणीही तिथेच व्हावी.

बांबूची गरज आणखी तातडीची आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. त्यानंतर गडचिरोलीत अनेक ग्रामसभा या कामात उतरल्या. तिथे टोळीप्रमुख गावातलाच असतो आणि रांजी (बांबूचे बेट) बिघडली तर नुकसानही गावाचेच. नवे कोंब रांजीच्या कडेने येतात, जुना बांबू मधोमध राहतो. कडेचा कापायला सोपा, म्हणून तोच जातो आणि आतला जुना तसाच वाळतो. एका बाजूने वाट काढून घोड्याच्या नालेच्या आकारात आत शिरायचे, चालू आणि गेल्या वर्षाचा बांबू सोडायचा. कोवळ्यावर कोंबाची टरफले आणि पांढरी भुकटी असते, जुना मळकट दिसतो. काप जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या (गाठीच्या) लगेच वर घ्यायचा. पेराच्या वर पोकळ पेला राहिला तर त्यात पाणी साचते आणि कंद कुजतो.

सापाबद्दल एवढेच: जखम कापायची नाही, घट्ट आवळायचे नाही, माणसाला हलू न देता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचे. कूपातून १०८ ला फोन कुठल्या टेकाडावरून लागतो आणि गाडी कुठपर्यंत येते, हे मुकादमाला पहिल्याच दिवशी माहीत हवे. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो. त्याआधी फांद्या-पालापाचोळा उभ्या झाडांच्या बुंध्यापासून दूर करून घ्यायचा.

आणि पैशाचे. मुकादमाची कमाई केवळ टोळीने काढलेल्या घनमीटरवर ठरत असेल, तर वरचे सगळे शिकवून उपयोग नाही. अडकलेले झाड पाहून तो थांबणार कशाला? त्याला ठरावीक महिना द्यावा आणि वर थुटांची उंची, राखलेल्या झाडांची स्थिती व अपघात न होणे यावर बक्षीस द्यावे. मजुरांना मालावर पैसे देण्याची पद्धत वेगळी ठेवता येईल. जर्मनीत वनकामगाराचे शिक्षणच तीन वर्षांचे असते आणि उस्ताद होण्याची परीक्षा त्यापुढे. आपल्याला तेवढे नको, पाच-सहा आठवडे द्या.

परीक्षा कागदावर घेऊ नये. उमेदवाराला दहा लाटा मोजायला द्याव्यात आणि एकूण घनफळात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालू नये. एक झाड खुंटी रोवलेल्या दिशेला पाडायला लावावे. अर्ध्या हेक्टरवर विरळणीचे मार्किंग करून घ्यावे आणि प्रत्येक खुणेचे कारण विचारावे. परीक्षकांत एक वनपाल आणि दोन जुने मुकादम असावेत. प्रमाणपत्र वनविभाग, महामंडळ, सहकारी संस्था आणि ग्रामसभा, सगळीकडे चालावे, म्हणजे माणूस आलापल्लीहून गोंदियाला गेला तरी त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. सुरुवातीला एका विभागातल्या एका कूपात, वीस जणांची तुकडी घेऊन, याच हंगामात हे करून पाहता येईल.

आपले,
कूपकामाशी संबंधित काही वाचक,
बल्लारपूर, जि. चंद्रपूर