बोरोमिरच्या उधारीचा हिशोब शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घेत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. चार जणांनी वाचलं आणि एखाद्याचा रखडलेला डेक (खेळासाठी जुळवलेला पत्त्यांचा जोड) मार्गी लागला तर ते तुमच्याच खात्यावर जमा व्हावं, एवढ्यासाठी हे उघड पत्र.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम’ आमच्या घरात आला तो धाकट्या भावामुळे. २०११ साली आलेला खेळ आमच्या टेबलावर पोहोचायला बरीच वर्षं लागली. खेळाडू एकमेकांविरुद्ध नाहीत, सगळे मिळून पत्त्यांच्या एका जोडाविरुद्ध खेळतात, हे आम्हा दोघांना फार भावलं. लहानपणापासून कॅरमपासून बुद्धिबळापर्यंत सगळीकडे समोरासमोर बसलो होतो. इथे पहिल्यांदाच एका बाजूला बसलो.

आणि मी हीरो म्हणून बोरोमिर निवडला. गोष्टीत तो मोहाला बळी पडतो आणि शेवटी मेरी-पिपिनसाठी लढताना पडतो. पत्त्यावरही तोच माणूस आहे. ११ थ्रेट (म्हणजे धोक्याचा आकडा, तिन्ही हीरोंचा मिळून आपला सुरुवातीचा थ्रेट), हल्ला ३, बचाव २, जीव ५. आपला थ्रेट १ ने वाढवायचा, की वापरून आडवा झालेला बोरोमिर पुन्हा उभा. म्हणजे एकाच फेरीत तो शत्रूचा वार झेलतो आणि उठून वार करतो. बहुतेक हीरोंना हे करायला वेगळा पत्ता लागतो, पैसे लागतात. याला काहीच लागत नाही, असं मला वाटायचं.

माझा पहिला डेक तुम्ही पाहिलात. बोरोमिर, लीडरशिपचा (पत्त्यांचे स्फिअर म्हणजे गट असतात, त्यातला एक) ॲरागॉर्न आणि गिम्ली. ११, १२, ११. सुरुवातीचाच थ्रेट ३४. बाकी ५० पत्ते बोरोमिरला बळकट करणारे: ढाली, तलवारी, भाले. ‘जर्नी अलाँग द अँडुइन’ ही मोहीम आम्ही सलग किती वेळा हरलो ते मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. तिथे सुरुवातीलाच हिल ट्रोल उभा असतो आणि तो हटेपर्यंत पहिला टप्पा ओलांडता येत नाही. त्याची एनगेजमेंट कॉस्ट (ज्या थ्रेटला तो अंगावर येतो तो आकडा) ३०, माझा थ्रेट ३४, म्हणजे पहिल्याच फेरीत तो अंगावर. हल्ला ६. बोरोमिरने झेलला तर ४ जखमा, जीव उरला १. पुढच्या वेळी एखादा दुबळा साथीदार समोर केला, तर त्याच्या जिवापेक्षा जास्त झालेलं नुकसान थेट माझ्या थ्रेटमध्ये चढायचं. क्वेस्टला, म्हणजे मोहीम पुढे सरकवायला, हीरोंची विलपॉवर (इच्छाशक्ती) कमी पडली की तूटही तिथेच. भाऊ शेवटी म्हणाला, “दादा, पुन्हा बोरोमिर आणलास तर मी बसणार नाही.” तो चिडून बोलला नव्हता, थकून बोलला होता. ऑगस्टमध्ये तो शिकायला बाहेरगावी जाणार होता. मला ते फार लागलं.

त्याच आठवड्यात तुमच्याकडे पाण्याच्या टाकीचं विचारायला आलो आणि तुमच्या जेवणाच्या टेबलावर तेच पत्ते मांडलेले दिसले. मुलाने मागे ठेवलेली खोकी, आणि तुम्ही दुपारी एकट्याने खेळता. मी गडबडून सगळं सांगून टाकलं. तुम्ही फक्त म्हणालात, “डेक घेऊन ये. नुसतं बोलून कळायचं नाही.”

तुम्ही पत्ते चाळले नाहीत. आधी कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं केलंत आणि पेन घेतलंत. फेरी संपताना थ्रेट आपोआप १ वाढतो. मी बोरोमिरला फेरीत साधारण दोनदा उठवतो, एकदा क्वेस्टनंतर आणि एकदा बचावानंतर. म्हणजे फेरीला ३. ५० ला खेळ संपतो. ५० वजा ३४ म्हणजे १६. “पाच फेऱ्यांनी तू ४९ वर. सहावी तुला मिळतच नाही. आणि यात ट्रोल नाही, फसलेली क्वेस्ट नाही. अरे, हे ऋण काढून सण करणं झालं.” बँकेत तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मला माझा डेक पहिल्यांदा दिसला. मी बोरोमिरला फुकटचा समजत होतो. तो उधारीवर चालतो, आणि ५० पत्त्यांत हप्ता भरायला एक पत्ता नव्हता. गॅन्डाल्फ होता, पण त्याला मी दर वेळी शत्रूला ४ नुकसान करायलाच वापरायचो. थ्रेट ५ ने उतरवायचा पर्याय त्याच पत्त्यावर छापलेला आहे, तो मी कधी निवडलाच नव्हता.

मग तुम्ही विचारलंत, “फेडणार कोण?” तो प्रश्न मी अजून प्रत्येक डेकला विचारतो.

तुमचं उत्तर होतं ग्लोरफिंडेल, स्पिरिटचा. थ्रेट फक्त ५. क्वेस्टला गेला की थ्रेट १ वाढवतो, म्हणून मी त्याला कधी हात लावला नव्हता. तुम्ही ‘लाइट ऑफ व्हॅलिनॉर’ त्याच्यावर ठेवलंत. आता तो आडवा न होताच क्वेस्टला जातो, आडवा होत नाही म्हणून दंडही नाही, आणि लढाईला तो मोकळाच. शिवाय तो नोल्डोर, म्हणजे एल्फांच्या एका कुळातला. त्यामुळे ‘एल्रॉन्ड्स काउन्सेल’ चालतं: किंमत शून्य, थ्रेट ३ ने कमी. तुम्ही पेनाने ३ खाली दोन रेघा ओढल्यात. फेरीचा खर्च ३, पत्त्याची फेड ३. एक पत्ता म्हणजे बोरोमिरची एक पूर्ण फेरी. काकू, त्या दोन रेघांनी मला जे समजलं ते कित्येक महिन्यांच्या खेळाने समजलं नव्हतं.

तिसरा हीरो लोअर (Lore, ज्ञान) गटाचा ॲरागॉर्न. सबंध खेळात एकदा थ्रेट सुरुवातीच्या आकड्यावर आणतो. ११, ५, १२, बेरीज २८. याच बेरजेमुळे हिल ट्रोल पहिल्या दोन फेऱ्या स्टेजिंगमध्येच (मधल्या जागेत, कोणाच्या अंगावर न येता) थांबतो, कारण २८ आणि २९ दोन्ही ३० च्या खाली. अट एकच, त्या दोन फेऱ्यांत बोरोमिरला उठवायचं नाही. हे पाळणं मला सर्वांत जड गेलं. हातात ताकद असताना बसून राहायचं आणि ढाल, औषध, लाइट ऑफ व्हॅलिनॉर एकेक करून मांडायचं. पण तिसऱ्या फेरीत ट्रोल आला तेव्हा ‘गॉन्डोरियन शील्ड’मुळे बोरोमिरचा बचाव ४ झालेला होता. ६ च्या वाराला जखमा फक्त २. त्या ‘वॉर्डन ऑफ हीलिंग’ हळूहळू भरून काढते. मग उठून तिघांचा मिळून हल्ला ९, ट्रोलचा बचाव ३, एका फेरीत ६ जीव गेला त्याचा. पुढच्या फेरीत ट्रोल संपला. भावाने टाळी दिली.

ॲरागॉर्नची वेळ कुठली, यावर आपण किती बोललो. मला थ्रेट ४० झाला की धीर सुटायचा. तुम्ही म्हणालात, ४० ला फेडलंस तर १२ वाचले, ४६ ला फेडलंस तर १८, म्हणजे बोरोमिरच्या आणखी दोन फेऱ्या. पण ४८ पर्यंत ताणायचं नाही, एखादा वाईट पत्ता उलटला तर फेडायची संधीच जाते. आणि ॲरागॉर्नला मोठ्या शत्रूसमोर बचावाला उभा करायचं नाही. “तारण जळून गेलं तर कर्ज कशावर?”

तीन हीरो तीन स्फिअर्सचे, म्हणजे प्रत्येक स्फिअरचे पत्ते खेळायला फेरीला एकच नाणं. म्हणून गॅन्डाल्फ आणि थ्रेट उतरवणारं एक ‘गॅलाध्रिम्स ग्रीटिंग’ सोडलं तर दोन नाण्यांच्या वरचा पत्ता तुम्ही ठेवू दिला नाहीत. ‘डीप नॉलेज’ काढलंत, कारण ते थ्रेट वाढवून पत्ते देतं, आणि एका घरात दोन कर्जदार नकोत. त्याऐवजी थ्रेट न वाढवता पत्ते देणारं ‘डेरॉन्स रून्स’. ‘अनएक्स्पेक्टेड करेज’ मी सवयीने बोरोमिरवर ठेवत होतो, तुम्ही ते ॲरागॉर्नकडे सरकवलंत. जो स्वतः उठू शकतो त्याला उठवायला पत्ता कशाला. सगळं पटलं. फक्त ग्रीटिंगबद्दल माझं मत अजून वेगळं आहे. स्पिरिटची तीन नाणी साठवणं महाग आहे हे खरं, तरी दोन खेळाडू असताना मला दोन प्रती हव्याशा वाटतात.

भाऊ जायच्या आदल्या रविवारी आम्ही अँडुइनच्या शेवटच्या टप्प्यावर होतो. तिथे समोरचे सगळे शत्रू संपले की जिंकलो. माझा थ्रेट ३७, पण भावाचा ४९. फेरी संपली की तो ५० वर जाऊन बाद. त्याच्यासमोर एक वुल्फ रायडर, जीव २, आणि जखमी वार्ग्ज, त्यांचाही उरलेला जीव २. माझ्यासमोर कोणी नाही. त्याच्या शत्रूंपर्यंत पोहोचेल असा एकही हल्ला माझ्याकडे नव्हता. मग बोरोमिरच्या पत्त्यावरची दुसरी ओळ वाचली, जी मी आजवर वाया गेलेली समजत होतो: बोरोमिरला कायमचं बाजूला करा, कुठल्याही एका खेळाडूशी भिडलेल्या प्रत्येक शत्रूला २ नुकसान. मी पत्ता उचलून भावाच्या बाजूला ठेवला. तो काही बोलला नाही. त्याने वुल्फ रायडर काढला, मग वार्ग्ज काढले, आणि बोरोमिरचा पत्ता परत माझ्या हातात दिला.

काकू, तो रविवार तुम्ही दिलात. तुमच्या दुपारी दिल्यात, मुलाच्या जुन्या खोक्यांतले पत्ते दिलेत, आणि एकदाही “मी सांगते तेच कर” म्हणाला नाहीत. प्रत्येक वेळी पेन माझ्या हातात देऊन बेरीज मलाच करायला लावलीत. मनापासून आभार.

एल्रॉन्ड्स काउन्सेलच्या तुमच्या तिन्ही प्रती येत्या रविवारी घेऊन येतो. एकीच्या स्लीव्हवर चहा सांडला होता, पत्ता आत कोरडा आहे. तिन्हींना नवीन स्लीव्ह घातल्या आहेत. भाऊ आता व्हिडिओ कॉलवर खेळतो, त्याच्या जागचे पत्ते मी मांडतो. पुढच्या खेळाला त्याने स्वतःच बोरोमिर मागितला आहे, तेव्हा ते कॅलेंडरचं पान तुमच्याकडे असेल तर त्याचा फोटो काढून त्याला पाठवायचा आहे.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा