चाऱ्याचा धडा गायरानावर आणि पावसाळ्यात शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही दिवसांत आपल्या दैनिकात चाराटंचाईच्या बातम्या येत आहेत. छावण्या कधी सुरू होणार, उसाच्या वाढ्यांचा भाव कुठे गेला, कडब्याचा शेकडा किती झाला. मी माण तालुक्यात राहतो, त्यामुळे हे सगळे रोज डोळ्यांसमोर आहे आणि बातम्यांत अतिशयोक्ती नाही, हेही ठाऊक आहे. पण चाऱ्यावर आपण बोलतो ते फक्त मार्च ते जून. मृगाचा एक पाऊस झाला, बांध हिरवे दिसू लागले, की विषय मिटला. मी अठ्ठावीस वर्षे एका कृषी तंत्र विद्यालयात चारापिके शिकवली. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली, तेवढी सांगण्यासाठी हे पत्र: चारा शिकण्याचा हंगाम पावसाळा आहे आणि शिकवण्याची जागा विहिरीकाठचा प्लॉट नसून गायरान आहे.

माझ्याच चुकीपासून सुरुवात करतो. नोकरीची पहिली काही वर्षे मी संकरित नेपियर गवत फार हौसेने शिकवत असे. विद्यालयाच्या विहिरीलगत आमचा प्लॉट होता. पुरुषभर उंच, गर्द हिरवा. पाहुणा आला की त्याला आधी तिथेच न्यायचे. तालुक्याच्या पूर्वेकडचा एक विद्यार्थी जाताना पोत्यात ठोंब बांधून एसटीने घरी घेऊन गेला आणि दहा गुंठ्यांत लावले. दिवाळीपर्यंत गवत जोरात होते. माघात विहीर आटली आणि होळीपर्यंत ठोंब वाळून काड्या झाल्या. त्याचे वडील विद्यालयात आले. रागावले नाहीत, त्याचेच मला जास्त लागले. एवढेच म्हणाले, "गुरुजी, गवत झ्याक हुतं. पर पाणी कुठनं आणू?" ज्या गावात फेब्रुवारीपासून प्यायच्या पाण्याचा टँकर लागतो, तिथल्या पोराच्या वहीत मी 'दर दहा-बारा दिवसांनी पाणी द्यावे' असे लिहून दिले होते. त्या दहा गुंठ्यांत त्यांचा नेहमीचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, असता, तर निदान गाईपुरता काही महिन्यांचा कडबा तरी झाला असता.

त्यानंतर मी शिकवण्याची रीत बदलली. पहिल्या तासाला एक किलो हिरवे नेपियर आणि एक किलो कडबा तोलून विद्यालयाच्या पत्र्यावर उन्हात पसरायचा. पूर्ण वाळला की पोरांनी पुन्हा तोलायचा. कडबा नऊशे ग्रॅमच्या आसपास भरायचा, नेपियर दोनशेच्या आत-बाहेर. बाकीचे पाणी. पोरे एकमेकांकडे बघत राहायची. आपल्या पुस्तकांत, घडीपत्रिकांत आणि शिवारफेरीच्या फलकांवर चाऱ्याचे उत्पादन 'हेक्टरी इतके टन हिरवा चारा' असे लिहिलेले असते. बागायती भागात ते ठीक आहे. जिथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर आणि तोही लहरी, तिथे शेतकऱ्याला दुसराच आकडा हवा असतो: एवढ्या पाण्यात कोरडा चारा किती, आणि पाऊस हुकला तर किती. हा आकडा फलकावर क्वचितच दिसतो. संशोधकांना माझी हात जोडून विनंती आहे की, कोरडवाहू भागासाठीच्या प्रत्येक शिफारशीत तो लिहा.

संशोधन झालेच नाही, असे मी कधीही म्हणणार नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचा अभ्यास १९३३ साली सुरू झाला. जोधपूरच्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेने अंजन आणि धामण ही गवते किती कमी पाण्यात तग धरतात, हे राजस्थानच्या वाळूत दाखवून दिले. झाशीची गवत व चारा संशोधन संस्था १९६२ पासून काम करते आहे, आणि राहुरीच्या विद्यापीठाने यशवंत, जयवंत हे नेपियरचे वाण दिले तसे कोरडवाहू मारवेल गवतावरही काम केले. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने तर गोठ्यापर्यंत जाऊन चारा शिकवला. शाळूची मालदांडी ३५-१ ही जात मोहोळची. आज इतक्या वर्षांनीही आमच्याकडे तिचा कडबा जनावर ज्या चवीने खाते, तसा दुसऱ्या कुठल्याच वाणाचा खात नाही. ज्ञान आहे. ते वाटेत कुठे अडते, तर बियाण्यापाशी आणि वर्गापाशी.

बियाण्याचे सांगतो. अंजन गवत लावा, असे सांगणे सोपे आहे. पण त्याचे बी हातात घेऊन बघा. कापसाच्या भुग्यासारखे, लवदार, हलके. मुठीने फेकले तर वाऱ्यावर जाते आणि राहिले ते मुंग्या नेतात. खोल पेरले तर उगवत नाही, अर्धा-एक सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये. शिवाय त्या वर्षीचे ताजे बी झोपलेले असते, एक उन्हाळा काढल्याशिवाय नीट उगवत नाही. हे न सांगता दुकानदार ताजे बी देतो, ते उगवत नाही, आणि शेतकरी म्हणतो की हे गवत आपल्या मातीत येतच नाही. आम्ही ओलसर बारीक माती आणि चाळलेले शेण यांत बी चोळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायचो, सावलीत वाळवायचो आणि पहिल्या चांगल्या पावसाच्या तोंडावर टाकायचो. एकेका विद्यार्थ्याने दोन-दोन हजार गोळ्या वळल्या आहेत. नखांत शेण राहायचे म्हणून सुरुवातीला कुरकुर व्हायची. तीच पोरे दुसऱ्या वर्षी गायरानावर गवताचे झुबके मोजत, हे माझे आणि हे तुझे म्हणून भांडायची.

गायरान हा शब्द मुद्दाम वापरतो. आमच्या भागात शेळ्या-मेंढ्या आणि खिल्लार गाई जगतात त्या गायरानावर, माळावर, बांधावर. तिथे पवन्या, मारवेल होते तोवर माळ दूध देत होता. अतिचराईने ही चांगली गवते आधी संपली, कारण जनावर चांगले तेच आधी खाते. मागे राहिली कुसळी. ती कोवळी असताना बरी. पण फुलावर येऊन कुसळे धरली, की तीच मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात, तोंडाला जखमा करतात. कुसळी कापायची ती फुलोऱ्याआधी, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितले नाही. एका धनगर आजीने सांगितले.

त्याच आजींनी मला आणखी एक धडा दिला. विद्यालयात आम्ही चाऱ्याची प्रत प्रथिनांच्या टक्केवारीवर ठरवत होतो. त्या म्हणाल्या, "मेंढीला इचारलंस का?" म्हणून मी मेंढीला विचारायचे ठरवले. सकाळी वाड्यातून मेंढरे सुटायच्या वेळी पाच पाट्या मांडायच्या: मारवेल, अंजन, नेपियर, कडबाकुट्टी आणि कुसळी. प्रत्येकीत सारखेच वजन. पाव तासाने पाट्या उचलून उरलेले तोलायचे. दुसऱ्या दिवशी पाट्यांच्या जागा बदलायच्या, कारण मेंढरे जवळची पाटी आधी धरतात. पोरे दम धरून उभी असत. मारवेलची पाटी रिकामी झाली की मागून एखादा हळूच "बघ" म्हणायचा. असा तास ज्याने अनुभवला, त्याला पुढे आयुष्यभर गवत नुसते 'हिरवे' दिसत नाही.

आता जे सांगतो ते घरचे आहे. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ-दहा वर्षांचा होतो. पाऊस दडी मारून बसला होता, ज्वारी ढोपराच्या खालीच पिवळी पडून राहिली होती. आमची गाय दावे तोडून त्या ज्वारीत शिरली. भुकेलेली होती, आईला वाटले, चार घास खाऊ दे. अर्ध्या-पाऊण तासात गाय थरथरू लागली, तोंडाला फेस आला, ती आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही. किरळ लागली, असे लोक म्हणाले. आई पुढे कित्येक वर्षे स्वतःला दोष देत राहिली.

किरळ म्हणजे काय, हे मला शिकायला गेल्यावर कळले. कोवळ्या आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य वाढते, आणि जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कणीस येऊन फुलोरा झाला की ते उतरते, कडबा नीट वाळला की आणखी उतरते. म्हणजे दुष्काळात, जेव्हा जनावर सर्वांत भुकेले असते, तेव्हाच ही ज्वारी सर्वांत घातक असते. वर्गात मी हे नुसते बोलून दाखवले नाही. ज्वारीची कोवळी पाने बारीक चिरून परीक्षानळीत घालायची, क्लोरोफॉर्मचे थेंब टाकायचे, आणि पिवळ्या पिक्रेट कागदाची पट्टी आत लोंबकळत ठेवून बूच लावायचे. हळूहळू पट्टी विटेच्या रंगाची होत जाते, म्हणजे ते आम्ल सुटले. शेजारच्या नळीत फुलोऱ्यातल्या ज्वारीची पाने, तिची पट्टी फारशी बदलत नाही. दरवर्षी हा प्रयोग करताना मला आई आठवायची. हे साधे ज्ञान त्या वेळी आमच्या वाडीत एकाला जरी असते, तर गाय वाचली असती. आजही पाऊस लांबला की गावोगाव किरळीने जनावरे जातात. औषध आहे, पण डॉक्टर पोहोचेपर्यंत वेळ उरत नाही.

छावण्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे, त्यांनी असंख्य दावणी वाचवल्या. पण वाढ्यांवर महिनोन् महिने राहिलेल्या जनावरांची हाडे खिळखिळी होतात, कारण वाढ्यांतले ऑक्झलेट शरीरातला चुना बांधून ठेवते. सोबत खनिज मिश्रण द्यावे लागते. हेही लोकांना आधी, पोटभर चारा असताना शिकवावे लागते. छावणीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही काय शिकवणार?

मी विद्यार्थ्यांकडून भाद्रपदातच घरच्या चाऱ्याचा हिशेब लिहून घेत असे. चारशे किलोच्या गाईला दिवसाला दहा-बारा किलो कोरडा चारा लागतो. शिमग्यापासून ज्येष्ठाअखेरपर्यंतचे चार महिने धरले, तर एका गाईला सव्वा ते दीड टन. आपल्याकडे कडबा शेकड्यावर विकतात, पण एका पेंढीचे वजन कोणी करत नाही. पोरांनी ताणकाट्यावर पेंढ्या टांगल्या, तेव्हा एकाच गावात दीड किलोची पेंढी निघाली आणि साडेतीन किलोचीही. मग कळले की शेजाऱ्याच्या आणि आपल्या गंजीत आकडा सारखा असूनही त्याची गाय वैशाखात का उभी राहते. त्यातच आख्ख्या पेंढ्या टाकल्या की चौथा हिस्सा तरी पायाखाली जातो. कुट्टी केली की तो वाचतो. भुसकट किंवा निकृष्ट वैरण असेल, तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नास-एक लिटर पाण्यात विरघळवून, थर देऊन, तीन आठवडे हवाबंद झाकायचे. युरियाचे प्रमाण मात्र अंदाजाने कधीही धरू नये, त्याचीही विषबाधा होते. पावसाळ्यात मका चिकात असताना कुट्टी करून बॅगेत मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, भरायचा. दीड महिन्याने बॅग उघडली की आंबूस-गोड वास सुटतो आणि दावणीची जनावरे माना वर करतात. ही सगळी कामे ऑगस्ट-सप्टेंबरची आहेत.

आणि ही कामे करते कोण? भारा डोक्यावर आणते ती बाई. कडबा टाकते ती बाई. आमच्या प्रशिक्षणांच्या हजेरीपटावर मात्र पुरुषांची नावे, कारण निमंत्रण सातबाऱ्यावरच्या नावाने जाते. शेवटच्या काही वर्षांत मी दुपारी दोन ते चार हा वेळ धरून वाडीच्या पारावरच वर्ग घेऊ लागलो, तेव्हा कुठे बायका आल्या. त्यांनी विचारलेले प्रश्न मला नोकरीत इतर कोणी विचारले नव्हते. बाभळीच्या शेंगा भरडून द्याव्यात, नाहीतर बिया तशाच बाहेर पडतात, हे त्यांनीच मला सांगितले.

म्हणून कृषी विभाग, पशुसंवर्धन विभाग आणि विद्यापीठांना माझी विनंती आहे. कोरडवाहू तालुक्यातल्या प्रत्येक कृषी विद्यालयाला गावच्या गायरानाचा एकेक तुकडा अभ्यासासाठी द्यावा. विहीर नसलेला. विद्यार्थ्यांचे चाऱ्याचे प्रात्यक्षिक जूनला सुरू होऊन पुढच्या जूनला संपावे, म्हणजे तेच गवत त्यांना पावसात आणि वैशाखातही बघायला मिळेल. गवताचे बियाणे गावातच तयार व्हावे, त्यासाठी बचत गटांना आगाऊ रक्कम मिळावी. आणि चराईबंदी करायची तर हिवरे बाजारसारखी, कापून नेण्याची वाट मोकळी ठेवून, मेंढपाळांना बैठकीत बसवून करावी. त्यांना वगळून लावलेला फलक माळावर टिकत नाही.

माझ्याकडे दोन गुंठे अंजन आणि थोडे मारवेल आहे. गेल्या वर्षीचे बी चोळून, वाळवून मडक्यात ठेवले आहे. आता ते उगवण्याजोगे झाले आहे. माणमधल्या ज्या शाळेला किंवा महिला गटाला पेरायचे असेल, त्यांनी रोहिणी निघण्याआधी कापडी पिशवी घेऊन यावे. प्लास्टिकच्या पिशवीत बी घामेजते. गोळ्या कशा वळायच्या, ते मी त्यांच्या पारावर येऊन दाखवीन.

आपला,
एक निवृत्त कृषिशिक्षक
ता. माण, जि. सातारा