ओंकार, गुडघ्याबद्दल

प्रिय ओंकार,

परवा "बाबा, तुम्हाला नाही कळणार" म्हणून फोन ठेवलास, म्हणून लिहितोय. आई म्हणाली जाऊ दे, शांत होऊ दे त्याला. पण एमआरआयचा रिपोर्ट मीही वाचलाय रे. लिगामेंट फाटलंय, ऑपरेशननंतर नऊ महिने ते वर्ष जातं म्हणतात, आणि तू विचारतोयस पुढच्या हर्लिंग चॅम्पियनशिपला उभा राहीन का! आधी नीट चालायला लाग.

खेळू नको असं नाही म्हणत मी. तुझी पहिली हर्ली, या आयरिश खेळाची ती लाकडी काठी, मीच आणली, पात्याला पत्र्याची पट्टी कशी ठोकायची ते शेजारच्या आजोबांकडून शिकून घेतलं, गॅरेजच्या दाराला तू बॉलने पाडलेले पोचे अजून तसेच आहेत, आईला ते दार बदलू देत नाही मी. पण या खेळात पैसा नाही हे तुलाही माहितीये. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमात ऐंशी हजार लोक बघायला येवोत, खेळणारा परत आपल्या नोकरीवर. तुझा लाडका हर्लर शॉन ओगसुद्धा कॉर्क काउंटीकडून खेळत होता तेव्हा बँकेत कामाला होता.

आता तू म्हणशील, त्याचाच गुडघा 2001 मध्ये कार ॲक्सिडेंटमध्ये गेला होता, परत खेळेल की नाही शंका होती, आणि 2004 ला हर्लर ऑफ द इयर तोच! माहितीये. शाळेच्या प्रोजेक्टला तूच पाठ करून ऐकवलंस ना सगळं, आई फिजीकडच्या रोटुमा बेटाची, वडील उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅनाचे, 1988 ला सिडनीहून कॉर्कला आला तेव्हा अकरा वर्षांचा होता म्हणून. 2005 ला कॅप्टन म्हणून गॉलवेला हरवून कप उचलला आणि भाषण केलं ते आयरिशमध्ये. सोलापूरच्या आजीने तो व्हिडिओ बघून डोळे पुसले होते, एक शब्द कळत नसताना. तू क्लबकडे त्याचा सात नंबरच मागून घेतलास तेव्हा मलाही वाटलं होतं की आपलं पोर... असो.

पण त्याचा बरा झाला म्हणून तुझाही होईल हे कुणी सांगितलं? हेल्मेटने डोकं वाचतं, गुडघ्याला काय घालणार? घाईने मैदानात उतरलास आणि परत गेला तर? अविनाशकाका कबड्डीत असाच हट्टाने परत उतरला होता, आज कठडा धरल्याशिवाय जिना चढत नाही. सॉरी, लेक्चर नव्हतं द्यायचं, झालं सुरू.

ऑपरेशनच्या दिवशी मी सुट्टी टाकलीये, सकाळीच गाडी घेऊन लिमरिकला येतो. आई डबा देणारे, कोच भेटला तर त्यालाही देईन म्हणतो, त्याने मला वेगळा फोन करून तुझं इतकं कौतुक केलं की काय बोलावं सुचेना. तुला सांगणार नव्हतो.

आणि कुबड्या वापर. पोरांसमोर लाज वाटते म्हणून तसाच लंगडत फिरतोयस, आईकडे फोटो आलाय.

बाबा